कान पिळायचा राहिला

अंजूर, तालुका भिवंडी
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९०

चि. शेवंतास आईचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापा. इकडे आम्ही बरे, म्हैस बरी, माझा गुडघा तेवढा त्याच्या मर्जीने चालतो.

तर सगळ्यात आधी घरात शिरली ती धोंडूबाई. रिक्षा तळ्याजवळच थांबली, पुढे रस्त्यात खडीचा ढीग आहे, पंचायतीने दिवाळीत टाकलाय तो अजून तसाच. तिच्या मागून तिचा नवरा केसरीनाथ, आणि सगळ्यात मागे मुलगा दौलत, इस्त्रीची पँट, हातात पेढ्यांचा खोका. मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेली, लुगडं कालचंच. मला वाटलं मतं मागायला आले. सध्या रोज कोणी ना कोणी हात जोडत येतं. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "देऊ हां, तुम्हालाच देऊ." धोंडूबाई म्हणाली, "मावशी, आधी पोरगी दाखवा तरी."

हे पनवेलकडचे पाहुणे. आपल्या बकुळाला बघायला आलेले. बघ, रामदासची पोर लग्नाला आली, काल फ्रॉकला नाक पुसत होती.

घोटाळा कसा झाला ते ऐक. स्थळ आणणाऱ्या दाजींनी निरोप आणला, पाहुणे सुट्टीच्या दिवशी येतील. आपल्याकडे सुट्टी म्हणजे शुक्रवार. रामदास निजामपुऱ्यात लूमवर कापडाचे तागे तपासायला असतो, लूम शुक्रवारी बंद, रविवारी ड्युटी. हे सगळ्या जगाला माहीत आहे असं आम्ही धरून चाललो. केसरीनाथ पडले पोस्टमन, त्यांना सुट्टी रविवारची. आम्ही शुक्रवारची तयारी करतोय आणि ते रविवारी दारात. सूनबाई तुळजा आणि बकुळा, दोघी मायलेकी, त्याच वेळी भिवंडीच्या बाजारात, पाहुण्यांसमोर नेसायची साडी घ्यायला गेलेल्या. मला अजून आठवलं की हसू येतं. दाजींना मी सांगितलंय, पुढच्या वेळी वार सांगा, सुट्टी सांगू नका.

घरात मी आणि लडकू.

हे पत्र मीच लिहिते आहे, अक्षर बघून ओळखलं असशील. प्रौढवर्गाच्या बाईंनी शिकवलं तेवढं येतं. इतकी वर्षं बकुळाकडून लिहून घेत होते, पण हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. चुका असतील तिथे तू समजून वाच.

लडकू गुरुवारी पूर्ण्याला जाणार होता, माझ्या बहिणीकडे, कमळाकडे. दोन-तीन दिवस. तिकडे मोठमोठी गोदामं बांधतायत, त्याला ट्रक बघायला आवडतात. म्हणून ठरवलेलं.

तो गोठ्यातून आला. हाताला कोंडा लागलेला, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, तो लावतो तसं. दौलतला बघितलं आणि मला विचारलं, "बकुलीचा नवरा?" मी काही बोलायच्या आत त्याने हात धोतराला पुसले, दौलतच्या मागे गेला आणि त्याचा कान पिळला. हळू नाही. नीट पिळला. मग पुढे येऊन हात पसरला. "टोपी दे."

लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि टोपी घ्यायची, हे त्याला पक्कं माहीत आहे. बकुळाला सख्खा भाऊ नाही, तर आपणच, असा त्याने हिशेब केला. हिशेब काही चुकीचा नाही. कान पिळायचं त्याला कोणी शिकवलं ते तुला माहीत आहे.

धोंडूबाई उठून उभी राहिली. "अगो बाय! ह्यो कोन?"

मी काहीतरी बोलले. ते पुढे सांगते, आधी चहाचं सांगते. चहा टाकला, दूध म्हशीचं, त्यामुळे चांगला झाला. केसरीनाथ माणूस शांत, पण त्यांना एक खोड आहे. जिथे अक्षर दिसेल ते मोठ्याने वाचतात. बसल्या बसल्या त्यांनी डालड्याचा डबा वाचला, कॅलेंडरवरच्या दुकानाचा पत्ता वाचला, ट्रंकेवर तुझ्या बाबांचं नाव आहे ते वाचलं, "राघो पदू पाटील, अंजूर." मग पुन्हा डालड्यावर आले. बायको म्हणाली, "अवो, पुरे." त्यांना कोणी नॉर्मल नाही असं म्हणत नाही. सरकारी नोकरी आहे ना.

तुला आठवतं का, लडकूला ठाण्याच्या डॉक्टरने बघितलं होतं? तू पाच-सहा वर्षांची असशील. डॉक्टर म्हणाला, हा नॉर्मल नाही. तुझ्या बाबांनी विचारलं, "मग काय हाय?" डॉक्टरने पुढचा पेशंट आत बोलावला. आता प्रौढवर्गाच्या बाई म्हणतात, आजी, अशांना स्पेशल म्हणायचं. आपल्या नाक्यावर स्पेशल म्हणजे जादा दुधाचा चहा. असो. मी त्याला लडकू म्हणते, तो ओ देतो.

आता सांगते. मी बोलले ते असं. "गडी हाय. म्हशीचं बघतो."

शेवंता, तोंडातून निघून गेलं असं मी लिहिणार होते. पण निघून गेलं नाही. मी बोलले. वीस वर्षांची सवय आहे.

लडकू माझ्याजवळ आला, माझ्या खांद्याला हात लावला, खूश. म्हणाला, "आये, पिळला. आता शेवंताच्या नवऱ्याचा राहिला."

धोंडूबाईने कप खाली ठेवला. केसरीनाथ कॅलेंडरकडे बघत होते पण वाचत नव्हते. धोंडूबाई म्हणाली, "मावशी, तुमचा गडी तुम्हाला आये म्हनतो?"

मी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

"पोरगा कसा हाय ते मला दिसलं. त्याचं मला काय न्हाय. पन पोटच्या पोराला गडी म्हनता, मग नातीचं जे जे सांगितलंत, त्यातलं खरं किती धरू?"

दौलत कान चोळत हसत होता, म्हणाला, "आये, बस ना, कान माझा लाल झालाय, तुझा न्हाय." ती बसली नाही. तशात अंगणात बकुळाचा आवाज आला. ती आणि तुळजा, हातात साडीची पिशवी, घामाघूम, आणि समोर पाहुणे. तुळजा आतच पळाली. बकुळा उभी राहिली. मला कळलं की धोंडूबाई आता तिलाच विचारणार. पोरीला आम्ही शिकवून ठेवलेलं, पाहुण्यांनी घरात कोण कोण विचारलं तर आई, बाबा, आजी एवढं सांग. मी डोळ्याने तिला काही खुणावलं नाही. खुणावणार तरी काय होते.

धोंडूबाईने लडकूकडे बोट दाखवलं. "ह्यो कोन गं तुझा?"

बकुळाने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "थोरला काका. माझी वेनी ह्योच घालायचा शाळेत जाताना. आईपेक्षा घट्ट." आणि मग लडकूला, "काका, हाताला कोंडा हाय तुझ्या, धुतलास का?"

एवढंच. धोंडूबाई बसली. चहा गार झालेला, तो तिने तसाच प्यायला. मग मला म्हणाली, "आता सांगा." आणि मी सगळं सांगितलं. जन्माच्या वेळी दोन दिवस अडलेला, रडला नाही, चालायला पाच वर्षं लागली, तोंडात शब्द मोजके. घराण्यात आणखी कोणी असा नाही. सांगता सांगता तुझ्या लग्नाचंही सांगितलं. न विचारता.

तुला मी सांगितलं होतं की लग्नाच्या आदल्या दिवशी लडकूला ताप भरला म्हणून कमळाकडे ठेवला. ताप नव्हता. तू त्याला महिनाभर तुझ्या उशीचा कान पिळायला लावून शिकवत होतीस, आणि मी त्याला नवा शर्ट घालून पूर्ण्याला सोडून आले. सांगितलं, वरात इकडूनच जाणार, इथेच बस, इथेच कान पिळायचा. तो तीन दिवस तिच्या दारात बसला, गळ्यापर्यंत बटण लावून. कान रामदासने पिळला. तुझ्या सासरच्यांना मी सांगितलं, मला एकच मुलगा. बाबांच्या दहाव्याला कमळाने तुला हे सांगितलं, तेही मला माहीत आहे. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त पिशवी भरलीस. त्याला आठ वर्षं झाली, तू या दारात आली नाहीस. तुझी कार्डं येतात, दिवाळीला आणि संक्रांतीला, सगळ्यांची खुशाली विचारतेस, शेवटी लडकूदादाला जवळ घे असं असतं. बकुळा ते वाचून दाखवायची तेव्हा मी म्हणायचे, पुढचं वाच. पुढे काही नसायचं.

पाहुण्यांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. धोंडूबाई उठताना म्हणाली, "परत येतो. त्या वेळी सगळी मानसं घरात पायजेत. कोनाला कुठं पाठवू नका. मोजून घेईन." केसरीनाथ म्हणाले, तुमच्या सुट्टीला येऊ, मी रजा टाकतो. दौलत लडकूला म्हणाला, "काका, टोपी कुठल्या रंगाची?" लडकूने बराच विचार केला. म्हणाला, "पोस्टाची." तर आता केसरीनाथांची खाकी टोपी जाते की काय कोण जाणे.

संध्याकाळी रामदास ड्युटीवरून आला. सगळं ऐकून डोक्याला हात लावून बसला. त्याची चूक नाही, एकच मुलगी आहे. म्हणाला, "आये, बोलनी पक्की होईपर्यंत तरी दादाला पूर्ण्याला ठेवू. दहा जन येतील, ती म्हातारी एकटी थोडीच ठरवनार? ताग्यात एक भोक दिसलं तर गिऱ्हाईक आख्खा तागा डॅमेज धरतं."

मी म्हटलं, "मंग तू पन त्याच ताग्यातला."

तो जेवला नाही. सकाळी मात्र जाताना लडकूची दाढी करून गेला. कमळाला मी निरोप धाडलाय की लडकू येणार नाही, तूच ये.

आता तुला बोलवायचं कसं ते मला सुचत नाही. ये म्हणायला माझं तोंड नाही, म्हणून लडकूचं सांगते. रविवारपासून तो रोज विचारतो, शेवंताचा नवरा कधी? मी सांगते, बघू. जावईबापूंना सांग, फार दुखणार नाही. दौलतच्यापेक्षा हळू पीळ म्हणून मी त्याला सांगेन. टोपी काहीही चालेल, जुनी असली तरी. वीस वर्षं उशीर झालाय, त्याने काही मोजलेलं नाही. मोजलंय ते मी.

आला नाहीत तरी कार्ड टाक. या वेळी शेवटची ओळ मी मोठ्याने वाचून दाखवीन, अडखळले तरी.

लडकूची, रामदासची आणि तुझी
आई जानकी

ता.क. पाहुणे शुक्रवारी येतो म्हणाले, सोळा तारखेला, सकाळी. मी वार दोनदा विचारून घेतला.