तुझ्या वाट्याच्या पट्ट्या

प्रिय बबडे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटतेय. ठेव, पण फाडू नकोस.

मी पुन्हा पियानोला बसायला लागलेय. हसू नकोस. ऑफिसातून आले की चहा घेते, चष्मा लावते आणि बसते. आपल्या पियानोच्या बाईंनी शिकवलेली ती विचित्र स्केल आठवते का? काळी-पांढरी न बघता एक पट्टी सोडून एक वाजवत जायचं. सगळी अंतरं सारखी, त्यामुळे सूर कुठे टेकतच नाही. जिना चढत राहावं आणि मजला येऊच नये, तसं. असलं काही कोणी लहान मुलींना शिकवतं का? पण आपण दोघी एकाच बाकावर, आणि 'ही माझ्या पट्टीवर आली' म्हणून रोजचे चिमटे. बाईंनी वैतागून वाटणीच करून टाकली. सप्तकातले एकाआड एक सहा सूर मला, मधले उरलेले सहा तुला. एकीचं बोट दुसरीच्या पट्टीवर पडायचं कारणच नाही. त्यातही तुला चार पांढऱ्या आणि मला तीनच, म्हणून मी फुरंगटून बसले. आई आतून ओरडली होती, "अगं, वाजवा तरी! नाहीतर मीच येऊन बसते मधे."

मोठेपणी आपण आईचीही तशीच वाटणी करायला गेलो. तू म्हणालीस, तिला माझ्याकडे नेते. मी म्हटलं, तिचं आयुष्य या घरात गेलं, ती इथेच राहील. दोघींचंही बरोबर होतं गं, तिथेच बिनसलं. एकीचं चुकलं असतं तर तिने माफी तरी मागितली असती. मग तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. आधी रागाने, नंतर सवयीने.

आई आता बरंच विसरते. कधीकधी मला 'अहो, तुम्ही जेवलात का?' म्हणते. मी तोंडावर हसते आणि मोरीत जाऊन नळ सोडते. पण मी ती स्केल घोटायला लागले की भिंतीला धरत धरत बाहेर येते. परवा म्हणाली, "ही थोरली. धाकटी का गप्प?" दुसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने तुझे सूर वाजवून पाहिले. बोटांची नुसती आंधळी कोशिंबीर! आई म्हणाली, "मला फसवू नका. तिचा हात इतका जड नाही."

काल ती जेवायलाच बसेना. "धाकटी येऊ दे, मग बसू." समजावलं, रागावले, शेवटी म्हटलं, "निघालीय ती, रस्त्यात आहे." तेव्हा कुठे दोन घास पोटात गेले. बाकी सगळं विसरते, हे मात्र विसरली नाही. आज सकाळपासून खिडकीशी बसून आहे. फोनवर तू कोरडेपणाने 'बोल' म्हणाली असतीस, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, म्हणून हे लिहिलं. ये. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते इथे येऊन पुरं कर, तिच्यासमोर. त्यावरून तरी ती आपल्याला नक्की ओळखेल.

तुझीच,
ताई