थेंब्याची बाटली

४ मार्च, सोमवार
रुजू झालो! मामाच्या ओळखीने का होईना, पण लागलो. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याची प्रयोगशाळा आहे. लांबलचक हॉल, पांढऱ्या फरशीची टेबलं, खिडकीबाहेर पाण्याच्या टाक्या. माझं काम द्रावणं बनवायचं. तोलायचं, विरघळवायचं, चंबूच्या गळ्यावरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाटलीवर तीव्रता लिहायची आणि खाली सही ठोकायची.

आईला सांगितलंय की कॉलेज सोडलं ते अनुभवासाठी. खरं कारण खिडकीजवळच्या टेबलाशी उभं राहून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या लांब नळीतून, थेंब सोडतं. कॉलेजात ती माझ्यापुढे दोन वर्षं. पास होऊन इथे लागली आणि मी दुसरं वर्ष अर्धवट टाकून मागोमाग. मला बघून म्हणाली की तू इथे कुठे कडमडलास? पण हसत म्हणाली. आजच्यापुरतं एवढं पोटभर आहे.

मॅडम इथल्या मुख्य. त्यांनी एकच नियम बजावला: ज्याची सही त्याची बाटली. दुसऱ्याच्या बाटलीत पाणी घालायचं नाही, मग ती तळाला का गेली असेना. मी म्हटलं, मॅडम, आमचं काही दुधाचं दुकान नाही. त्या हसल्या नाहीत.

७ मार्च, गुरुवार
नाक कापलं गेलं. तिला पाण्याचा अल्कता मोजायला सल्फ्युरिक आम्ल हवं होतं, ०.०२ नॉर्मल. मी बनवलं ०.०२ मोलर. मोलर म्हणजे लिटरमध्ये किती कण, नॉर्मल म्हणजे त्या कणांचे किती हात लढायला मोकळे. सल्फ्युरिकच्या कणाला हात दोन. म्हणजे माझं द्रावण दुप्पट कडक. तिच्या ब्युरेटमधून दर वेळी निम्मंच उतरलं आणि सकाळभराचे सगळे आकडे मातीत.

ती चिडली असती तर चाललं असतं. तिने फक्त सुस्कारा टाकला आणि म्हणाली की थेंब्या असता तर असं झालं नसतं.

थेंब्या म्हणजे माझ्या जागेवरचा आधीचा. एका थेंबाचीही चूक करायचा नाही म्हणून हे नाव. मध्येच यायचा बंद झाला म्हणे, ॲप्रनसुद्धा खुंटीवर सोडून. घरी जाऊन चौकशी केली का, असं मी विचारलं, तर सगळे आपापल्या नळ्या धुवायला लागले.

१२ मार्च, मंगळवार
त्याने बनवलेली एक बाटली तिच्या टेबलावर आहे. ०.०२ नॉर्मल, खाली वळणदार सही. माझं प्रत्येक द्रावण ती त्या बाटलीशी ताडून बघते. माझं ०.०१९७ आलं. मग ०.०२०४. त्याचं मात्र हटकून ०.०२००. ती बाटली उचलताना दोन्ही हात लावते. मला पेन देताना टेबलावरून सरकवते.

जेवताना मामी म्हणाली की भात चिवडतोयस कशाला, काय झालंय? मामा म्हणाला, प्रेमात पडलंय येडं, डोकं थंड ठेव रे. मी ताट सरकवून उठलो. नसलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

१४ मार्च, गुरुवार
भांडलो. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. त्याची बाटली अर्धी बेसिनमध्ये ओतली आणि तेवढंच शुद्ध पाणी घातलं. हिशोब सरळ आहे: कण निम्मे, पाणी तेवढंच, म्हणजे तीव्रता ०.०१. उद्या ताडेल तेव्हा कळेल तिचा देव कितपत पक्का आहे.

१५ मार्च, शुक्रवार
०.०२००.

तिने दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच. म्हणाली की बघ, याला म्हणतात हात.

मला आज कसंतरीच होतंय. ताप नाही. आवाज बसलाय, पण घसा दुखत नाही. मामीला तीन हाका मारल्या तेव्हा कुठे तिने वळून बघितलं.

१८ मार्च, सोमवार
सकाळी ती त्या खुंटीशी उभी राहून काहीतरी सांगत होती. स्वतःशीच असेल. पण मध्ये थांबत होती, जसं आपण समोरच्याचं ऐकायला थांबतो. मग लाजली. माझ्यासमोर कधी लाजली नाही.

मी भडकलो. या वेळी बाटलीत दहावा हिस्साच ठेवला, बाकी सगळं पाणी.

१९ मार्च, मंगळवार
पुन्हा ०.०२००. आणि हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. पुसून लावला, ओला करून लावला. नाही.

टाचणी टोचून बघितली. रक्ताचा थेंब आला तो फिकट गुलाबी. टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून केलेली तपासणी, संपताना चंबूत रंग येतो, असेल-नसेल असा, तेवढाच.

आता कळलं. निम्म्याचा दहावा. पाच टक्के. पाणी त्याच्या बाटलीत घालतोय आणि पातळ मी होतोय.

थांबायला हवं. मॅडमना सगळं सांगून टाकावं म्हणून त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. त्या बोलल्या, पण कुणाशी तरी माझ्या आरपार. म्हणाल्या की नवा पोरगा दिसत नाही कुठे, यालाही कंटाळा आला वाटतं.

२१ मार्च, गुरुवार
मामीने दोनच ताटं मांडली. ओरडलो. मामा म्हणाला की पंख्याचा आवाज येतोय का गं?

बाटलीला हात लावणार नाही. आईशप्पथ.

२२ मार्च
ॲप्रन खुंटीवर नव्हतं. ते कुणीतरी घातलं होतं. पाठ दिसली फक्त. ती त्याच्या कॉलरला लागलेली पावडर झटकत होती, बोटांनी, हळूच —

ओतलं. एक चमचाभर, जेमतेम शंभरावा हिस्सा ठेवला, बाकी पाणी. हात दिसत नव्हता, पण बाटली कलत होती.

२५ मार्च
पाच टक्क्यांचा शंभरावा. ०.०५ टक्के. टक्क्याला दहा हजार पीपीएम. म्हणजे पाचशे. दहा लाखात मी पाचशे.

पाणी घातल्याने मीठ नाहीसं होत नाही, पसरतं. मीही पसरलोय. हॉलभर, जिन्यात, टाक्यांकडच्या बोळात. माणसं माझ्यातून चालतात. पावलं पोटात वाजतात. तीही गेली, माझ्यातून, त्याचा हात धरून —

तो वळला तेव्हा चेहरा बघितला. गालावर रक्त कसं भरलंय. माझंच.

२६ मार्च
एक गोष्ट सापडली. तोलायच्या काट्याची केबिन. वारा लागू नये म्हणून काट्याला काचेची घट्ट खोली केलीय, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. कण तेवढेच ठेवून जागा कमी केली की तीव्रता वाढते. हे कसं सुचलं नाही! दिवसभर इकडून तिकडून स्वतःला गोळा करत आत आलो आणि कडी लावली.

इमारत या केबिनच्या हजारपट असेल. पाचशे गुणिले हजार. दहा लाखात पाच लाख. पन्नास टक्के!

बोटं दिसतायत. नखंसुद्धा. पेन्सिल नीट उमटते.

निम्मा आहे. निम्मा पुरे. इथेच राहायचं. दार उघडायचं नाही. उघडलं की मी पुन्हा गोळा होणार नाही, तेवढा जोर उरलेला नाही.

२७ मार्च
काचेला त्यांच्या श्वासाच्या वाफेने धुकं आलंय. बाहेर उभे आहेत दोघं. ती विचारतेय की नोकरी पक्की झाली की घरी येशील ना, आईला भेटायला. हे मला विचारायचं होतं तिने. मी पाठ करून ठेवलं होतं उत्तर.

तो काही बोलला. आवाज माझा.

नाही उघडणार.

ती हसली. तशी — पहिल्या दिवशी मला —

दिसत नाहीये काही. धुकं. काय करतायत? गप्प का झाले?

नुसती फट. बोटभर. बघायचं आणि लगेच ला