चित्र कोणी निवडलं

अगं,

दूध तापवून ठेवलंय. डबा मी माझा भरून घेतलाय.

काल साहेबांनी आपल्या हॉलमधल्या त्या मोठ्या कॅनव्हासचं कौतुक केलं आणि मी बेधडक सांगून टाकलं, "मीच निवडलं." तू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होतीस, हे मला नंतर दिसलं. साखर किती, एवढंच विचारलंस.

खरं तर निवडलं तू. सोफ्यावरून बघताना केवढं चित्र शोभेल ते कळावं म्हणून तू वर्तमानपत्रं जोडून भिंतीला चिकटवलीस, रोज कडेनं थोडी कापत राहिलीस. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगत होतो, "आमच्याकडे रद्दी भिंतीवर ठेवतात."

त्यात काल साहेबांनी विचारलं, चित्राच्या कोपऱ्यात ते काय आहे? मी ठोकून दिलं, पक्षी. आज बूट घालताना नीट पाहिलं. वल्हं उचललेला नावाडी आहे तो. रोज त्याच्यासमोर बसून चहा पितो मी!

साहेब सकाळी फिरायला निघतात, तेव्हाच त्यांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, वहिनींचा चेहरा बघून कालच कळलं होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुला सांगायला खोलीत आलो. तुझे डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलत होत्या. तू झोपली होतीस म्हणून ही चिठ्ठी लिहीत नाहीये. जागी होतीस म्हणून लिहितोय.