एकमताने संमत झालेलं निधन

तीर्थस्वरूप काकांच्या पायांशी, हे पत्र न फोडताच केरात जाईल ही धाकधूक मनात ठेवून, पुतण्याचा नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? भूक लागते ना? काका, पत्राची सुरुवात करायची म्हणून हे विचारत नाही, आज मला खरोखर उत्तर हवंय. कारण आज दुपारी विधानसभेने तुमच्या निधनाबद्दल तीव्र दुःख व्यक्त केलं, सगळे सदस्य दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले आणि ठराव एकमताने संमत झाला. (इतकी वर्षं तुम्ही या सभागृहात घसा कोरडा केलात. तुमचा एक तरी ठराव एकमताने संमत झाला होता का? मला तरी आठवत नाही.) काकूला हे एकदम सांगू नका. आधी तिच्यासमोर जरा हिंडून-फिरून दाखवा, चहा मागा, साखर कमी पडली म्हणून कुरकुर करा, मग सांगा.

फोनच केला असता. पण मी सत्ताधारी बाकांवर गेल्यापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, आणि काकूने घेतला तर मागून तुमचा आवाज येतो की त्याला सांग मी झोपलोय. म्हणून ड्रायव्हरच्या हाती पत्र. तो खाली गाडी पुसत उभा आहे आणि मी इथे आमदार निवासातल्या माझ्या खोलीत, एक पाय तुटलेल्या टेबलाला गुडघ्याचा टेकू देऊन लिहितोय. आपलं भांडण आहे तसंच राहू दे, ते मिटवा म्हणत नाही. फक्त पत्र शेवटपर्यंत वाचा. गोष्ट आपल्या गावच्या दवाखान्यात आजवर न झालेल्या बाळंतपणाच्या विभागाची आहे, आणि त्या विभागासाठी तुम्ही माझ्यासारख्याचंही पत्र वाचाल हे मला ठाऊक आहे.

आज तो प्रश्न मी लावून घेतला होता. लावून घेतला म्हणजे काय काय केलं ते विचारू नका. एका मंत्र्याच्या मेव्हण्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला जाऊन टाळ्या वाजवण्यापर्यंत मजल गेली. तुमची लेक, माझी ताई, बाळंतपणाला शहरात नेताना त्या जीपमध्ये, पुलाच्या अलीकडे, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून गेली, त्यानंतर तुम्ही दर अधिवेशनात हाच प्रश्न विचारलात आणि मी तो गॅलरीत बसून ऐकायचो. आज मी विचारला. काका, तुमच्या आवाजात विचारायचा प्रयत्न केला, पण माझा माइक लागलाच नाही. (शेवटच्या बाकाचे माइक फक्त मी खोकलो की लागतात.) मग शेजारच्याचा ओढून घेतला. शेजारी म्हणजे आपला गादीशेठ. कापसाचा व्यापार, सभागृहात पाऊल ठेवलं की झोप, आणि जाग आली की आधी बाक वाजवायचा, मग विषय विचारायचा. मी विचारलं, की तालुक्यात बाळंतपणाची सोय नसल्याने बाया वाटेत दगावतात हे खरं आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणं काय. आरोग्यमंत्री उठले. चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. पहिल्या भागाचं उत्तर, हे खरं नाही. दुसऱ्याचं, प्रश्न उद्भवत नाही. तिसऱ्याचंही तेच. बसले. कपाळावर आठी नाही की आवाजात चढ-उतार नाही. मी उपप्रश्नाला उठेपर्यंत अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारलासुद्धा, तो कुठल्याशा तळ्यातल्या बदकांबद्दल होता, आणि त्याच्यावर मात्र चांगली घमासान चर्चा झाली. बदकांचं भलं होवो, माझं त्यांच्याशी वाकडं नाही. पण मी तिथे बसून ओठ चावत होतो.

त्यानंतर नेहमीचा रतीब. मंत्री एकेक करून उठले आणि अहवाल सभागृहासमोर ठेवतो म्हणाले. (कोणी काही ठेवत नाही. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि एक माशी एवढंच होतं.) मग विधेयकं. मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि कप घेऊन आत आलो तेवढ्यात तीन विधेयकं संमत झालेली. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, होयचं बहुमत, होयचं बहुमत, संमत. अध्यक्ष हे एका श्वासात म्हणतात, मध्ये नाही म्हणायला फट राहत नाही. त्यातलं एक आपल्या पाणीपट्टीबद्दल होतं म्हणे. मी कोणत्या बाजूने होतो ते उद्याच्या छापील कामकाजात बघून सांगेन.

आणि मग शोकप्रस्ताव. माझं लक्ष कपात. अध्यक्षांनी नाव वाचलं, मतदारसंघ वाचला, जन्म, शिक्षण, किती वेळा निवडून आले, आणि मी मनात म्हणतोय, अरे, हा कोण आपल्या काकांसारखाच? पुढे वाचलं की त्यांच्या पश्चात पत्नी, नात आणि या सभागृहाचे विद्यमान सदस्य असलेला पुतण्या असा परिवार आहे. हातातला कप मांडीवर आला. गादीशेठला नेमकी त्याच वेळी जाग आली आणि तुमच्या निधनाच्या बातमीवर त्याने दणादण बाक वाजवला.

मी उभा राहिलो. काका, देवाशपथ उभा राहिलो. हात वर करून ओरडलो की हरकतीचा मुद्दा आहे, अध्यक्ष महाराज, ही चूक आहे, मी कालच काकूशी बोललोय. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले की शोकप्रस्तावावर हरकतीचा मुद्दा घेता येत नाही, अशी या सभागृहाची परंपरा आहे. मी म्हटलं, अहो पण माणूस घरी आहे! ते म्हणाले की सन्माननीय सदस्यांच्या भावना आम्ही समजू शकतो, त्यांनी स्वतःला सावरावं. दोघांनी मला खांदे धरून खाली बसवलं. कोणी पाणी दिलं, कोणी पाठीवर हात फिरवला. ज्यांनी दोन वर्षांत मला एकदा रामराम केला नाही ते माझे डोळे पुसत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. पाठीवरून हात फिरत होता आणि वरून ठाम दाबत होता.

मग भाषणं. तुम्ही ऐकायला हवी होतीत. (नाही, बरं झालं नाही ऐकलीत.) ज्याने भर सभागृहात तुमच्यावर फाइल भिरकावली होती तो तुम्हाला अजातशत्रू म्हणाला. विरोधी पक्षनेते, तुमचाच पक्ष हो, म्हणाले की गेल्याच आठवड्यात ते तुमच्या उशाशी बसले होते आणि तुम्ही त्यांचा हात हातात घेऊन लढा चालू ठेव असं सांगितलंत. तुम्ही त्यांना दारातून आत तरी घ्याल का? पोकळी तर इतक्या जणांनी सांगितली की मला सभागृहात बसायला जागा उरते की नाही असं वाटायला लागलं. जिवंतपणी या माणसांनी तुम्हाला बोलायला कधी पुरता वेळ दिला नाही, घंटा मारून खाली बसवलं. आज तुमच्याबद्दल बोलायला एकेकाला घड्याळ नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शेवटी आरोग्यमंत्री उठले. तेच, मघाचे. आवाज कापरा. म्हणाले की या तपस्वी माणसाने आयुष्यभर एकच मागणी केली, त्यांच्या गावी बाळंतपणाचा विभाग व्हावा. आणि आज, अध्यक्ष महाराज, या पवित्र क्षणी मी जाहीर करतो की त्यांच्या स्मरणार्थ तो विभाग शासन उभारील आणि त्याला त्यांचं नाव देईल. सगळ्या सभागृहाने बाक वाजवले, या वेळी गादीशेठच्या आधी. ज्याला सकाळी प्रश्नच उद्भवत नव्हता, त्याला जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर सुचलं होतं. त्यासाठी तुम्ही नुसतं मरायचं होतंत. ते तुम्हाला एवढ्या वर्षांत सुचलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच अध्यक्ष म्हणाले की आता पुतण्याने दोन शब्द बोलावेत. माइक लागला, काका. खणखणीत लागला. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय, तुम्ही जिवंत आहात हे सांगायची मला पूर्ण मुभा आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती जीप. मी तोंड उघडलं आणि तुमचं गुणगान सुरू केलं. तुमचा स्वभाव, तुमची शिस्त, तुमचं सायकलवरून गावोगाव फिरणं. ताईचं नाव आलं तेव्हा मात्र खरंच रडलो, आणि ते कोणाला वेगळं कळलं नाही.

नंतर सचिवांच्या खोलीत जाऊन विचारलं की हे झालं कसं. तिथला अधिकारी फार सभ्य. म्हणाला की माजी सदस्यांनी दर वर्षी हयातीचा दाखला पाठवायचा असतो, तो आपल्या काकांनी पाठवला नाही. (मी जिवंत आहे हे त्या ठोकळ्यांना कागदावर का लिहून देऊ, असं तुम्ही काकूला म्हणालात ते मला माहीत आहे.) मग आम्ही रीतसर पत्र लिहिलं की आपण हयात नसल्यास पंधरा दिवसांत तसं कळवावं. उत्तर आलं नाही. मी विचारलं की हयात नसलेला माणूस कळवणार कसा? तो म्हणाला, म्हणूनच तर उत्तर न येणं आम्ही होकार धरतो. आता सांगा, या माणसाशी काय बोलायचं? मी त्याला दुरुस्ती करा म्हणालो नाही. तो मला चहा देत होता, मी तो प्यालो.

असं आहे सगळं. रागावणार हे माहीत आहे, रागवा. मी पलीकडच्या बाकावर गेलो तो या बाळंतपणाच्या विभागासाठीच गेलो होतो, पटो न पटो. काकूची पाठ दुखायची थांबली का ते कळवा. नातीचा अभ्यास नीट चाललाय ना? तिला माझा आशीर्वाद.

तुम्हाला नकोसा झालेला, तरी तुमचाच,
पुतण्या

ता. क. खरं काम राहिलंच. मंजुरीचा आदेश निघेपर्यंत तुम्ही, कसं सांगू, जरा मेलेलेच राहा. गावाची काळजी नाही. गावाला तुम्ही दिसता, पण गावालाच तो विभाग हवाय, कोणी तोंड उघडणार नाही. प्रश्न बाहेरच्यांचा आहे. तालुक्याच्या कचेरीत भांडायला जाऊ नका. वर्तमानपत्राला खरमरीत पत्रं लिहू नका. संध्याकाळी पाराऐवजी मागच्या अंगणात बसा. हार घेऊन कोणी आलं तर काकूने हार घ्यावा आणि दार लावावं. तुम्ही आजवर कोणाचंच ऐकलं नाहीत, माझं तर नाहीच नाही, पण एवढं ताईसाठी ऐका.

ता. क. ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला, त्याला थांबवलंय. आत्ता मंत्र्यांच्या खासगी सचिवाचा फोन आला. आदेश कधी निघेल म्हणून मी निरोप ठेवला होता. तो आधी हसला. म्हणाला, साहेब, तुम्ही नवीन आहात. प्रश्नोत्तरात मंत्री जे बोलतात ते आश्वासन, त्याची नोंद होते, त्याचा पाठपुरावा होतो. शोकप्रस्तावात बोलतात ती श्रद्धांजली. तिची कसली फाइल? गेल्या अधिवेशनात याच मंत्र्यांनी दिवंगतांच्या नावाने एक पूल, दोन शाळा आणि एक धरण जाहीर केलं, त्याचं काय झालं ते तुम्हीच शोधा म्हणाला. आणि दुःख आवरा म्हणाला. काका, मी फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. तुम्ही मेलात तरी या लोकांनी तुम्हाला फसवलं. तेव्हा वर लिहिलेलं सगळं रद्द. पारावर बसा, कचेरीत जा, हव्या तेवढ्या शिव्या द्या.

ता. क. नाही, तेही नको. मला सुचलंय, ऐका. उद्या सकाळी पहिला तास पुन्हा प्रश्नोत्तरांचा आहे आणि आरोग्यमंत्रीच उत्तरं देणार आहेत. गाडी दारात आहे, हिच्यातच बसून या. प्रेक्षक सज्जात पहिल्या रांगेत, मंत्र्यांच्या बरोबर समोर, तुमच्यासाठी पास काढतो. दिवंगत सदस्याने तिथे बसू नये असा नियम मी नियमावलीत शोधला, नाही सापडला. नातीला बरोबर आणा. त्या जीपमध्ये जी जन्मली ती त्या मंत्र्याला एकदा डोळ्यांनी दिसू दे. ओरडू नका, हात वर करू नका, लगेच बाहेर काढतील. नुसते दोघं बसून राहा, आणि मी खालून आजचाच प्रश्न पुन्हा विचारतो. मग बघू, तुमच्याकडे बघत तो मला काय उत्तर देतो. माझं तिकीट जाईल, पक्ष मला उचलून फेकेल, ते माझं मी बघेन. विधानभवनाचं तोंड पुन्हा बघणार नाही अशी शपथ घेतलीत, ती मोडायला सांगतोय, मला माहीत आहे. मी दारातच उभा असेन. माझ्याशी एक शब्द बोलू नका, चालेल. पण काका, या.