सावध माणसाचं इंजिन

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. बोललेलं लोक फिरवतात, लिहिलेलं फिरवता येत नाही. वही ट्रकच्या सीटखाली राहील. पानात स्वतःचा एक केस ठेवणार, म्हणजे कोणी उघडली तर कळेल. केस तसे आता मोजकेच उरलेत, पण सुरक्षितता आधी.

काठी घालून डिझेल मोजलं. कालपेक्षा दोन बोटं कमी. गाडी कुठे गेली नाही. काल दारात सपाटीवर उभी होती, आज अंगणाच्या उतारावर. बाकी काही फरक नाही. म्हणजे चोरी.

उपाय लगेच केला. टाकीच्या तोंडातली जाळी गंजली होती, ती फेकली आणि तिथे माझा निळ्या चौकड्यांचा रुमाल कोंबला. एका टोकाला गाठ मारली, ओळख राहावी म्हणून. वर झाकण, झाकणाला पितळी कुलूप. किल्ली एकच, माझ्या गळ्यात. चोराने हात घातला तर रुमाल हललेला दिसेल. असली युक्ती सुचायला डोकं लागतं.

संकल्प: कोणावरही आंधळा विश्वास टाकायचा नाही. आणि चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी
रुमाल गेला!

कुलूप जसंच्या तसं. चोराकडे दुसरी किल्ली आहे. गाडी आता पुन्हा सपाटीवर आहे. डिझेल मात्र कमी नाही, उलट बोटभर जास्तच वाटलं. मला गाफील ठेवण्यासाठी वरून ओतलं असणार. फार पोचलेला माणूस दिसतो.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, ज्याने टाकीत रुमाल कोंबला त्याने टाकीतच शोधावा. सरळ उत्तर द्यायचं नाही ही तिची जुनी सवय. तरी टॉर्च मारून पाहिलं. आत सगळं काळं. रुमाल निळा आहे.

नवीन कुलूप आणलं. आधीच्यापेक्षा मोठं.

८ फेब्रुवारी
टेकडीवर हॉस्पिटल बांधतायत. त्यांचा दगड मी चढवतो, दिवसाला दोन खेपा. आज तिसऱ्या वळणावर गाडीचा दमच गेला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ताकद नाही, मग बंद. दहा मिनिटं चाकाला दगड लावून बसलो. पुन्हा स्टार्टर मारला, दोनदा खोकली आणि काही झालंच नाही अशी चालू झाली. वरपर्यंत गेली.

तो खोकला जुना आहे. हे इंजिन बाबांनी आणि मिस्त्रीकाकांनी अकरा दिवस अंगणात बसून बांधलं. मी शाळेतून येऊन नट धुवायचो. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा दोनदा खोकलं आणि बाबा म्हणाले, माझ्यावर गेलंय. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी स्टार्टर मारला की अजून क्षणभर बरं वाटतं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

पण वय झालं इंजिनचं. मान्य करायला हवं.

१२ फेब्रुवारी
चार दिवसांत पाच वेळा तिसरं वळण. सपाटीवर उत्तम, रिकामी असताना उत्तम, भरून चढाला लागली की संपलं. कंत्राटदार म्हणाला, ३१ मार्चपर्यंत गाडी नीट करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.

दुसरा म्हणजे मिशीवाला, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे? माझ्यासारखीच गाडी आहे त्याची. इंजिन जळून डिसेंबरपासून दारात उभी आहे. गाडी नाही, काम नाही, तरी रोज कंत्राटदाराच्या शेडमध्ये चहाला हजर. कशासाठी?

१५ फेब्रुवारी, दुपारी
मेहुणा आला. स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो, त्यामुळे स्वतःला इंजिनियर समजतो. म्हणाला, दाजी, सुपरचार्जर बसवा. पट्ट्यावर फिरतो, इंजिनात हवा कोंबतो, म्हातारं इंजिन तरुण होतं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठलातरी ट्रक भिंतीसारखा चढ पळत चढत होता.

पटलं. बाबांचं इंजिन राहील आणि ताकदही येईल. संध्याकाळी बायकोला ठणकावून सांगितलं, निर्णय झाला, सुपरचार्जर.

१६ फेब्रुवारी
मेहुण्याला एवढा पुळका का? त्याच्या दुकानात सुपरचार्जर विकतात. कमिशन! शिवाय मोबाइल पुसायला त्याने खिशातून निळं कापड काढलं होतं. चौकड्या होत्या की नाही, आठवत नाही. निर्णय स्थगित.

१९ फेब्रुवारी
मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. मी विचारलं, सुपरचार्जर की इंजिनच बदलायचं, एकच सांगा. त्यांनी कम्प्रेशन तपासलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, यातलं काहीच करू नकोस, इंजिन तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे. सुपरचार्जर हवा जास्त देईल, पण हवेबरोबर डिझेलही जास्त लागतं. आणि डिझेलच पोचत नसेल तर? आधी टाकी उघडून बघू.

टाकी! मी टाकीचं नावही काढलं नव्हतं.

किल्ली घरी राहिली म्हणून सांगितलं. किल्ली शर्टाच्या आत होती. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.

मेहुण्याला सुपरचार्जर विकायचा आहे. मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला इंजिन विकायचं आहे. यांना काहीच विकायचं नाही. मग यांचा डाव काय? ज्याचा फायदा दिसत नाही, त्याचाच सगळ्यात मोठा असतो.

२२ फेब्रुवारी
पुरावा मिळाला. मिस्त्रीकाकांनी डिझेल फिल्टर उघडला आणि मला बोलावून दाखवलं. आत निळे धागे.

निळे!

म्हणाले, हे कुठून आले असतील, जरा आठव. माझ्याकडे पाहत होते, शांतपणे. चोरलेला रुमाल यांच्या गॅरेजमध्ये वापरात आहे आणि धागे माझ्याच फिल्टरमध्ये सापडतात, याहून उघड काय हवं? मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नवीन फिल्टर बसवून गाडी घेऊन आलो.

२६ फेब्रुवारी
नव्या फिल्टरवर गाडी दोन दिवस चढली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तिसरं वळण. घरी बायकोला सगळं समजावलं. मिस्त्रीकाकांना बाबांचं इंजिन हवंय. आधी डिझेल, मग रुमाल, शेवटी इंजिन. ती भाजी चिरत होती. म्हणाली, ज्या माणसाने सासऱ्यांना दवाखान्यात खांद्यावरून नेलं, तो तुझा रुमाल चोरेल? मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे, आधी विश्वास कमवतात. ती म्हणाली, तू संशयी झालायस. मी संशयी नाही, सावध आहे. दोन्हीत फार फरक आहे.

वहीतला केस जागेवर नव्हता. तिच्या वेणीकडे बघून घेतलं. उगाच.

३ मार्च
पक्कं ठरलं. इंजिन बदलायचं. सुपरचार्जर बसवला तर जुनं इंजिन फुटेल, असं मिस्त्रीकाका एकदा बोलून गेले होते. त्यांचं ऐकायचं नाही, म्हणून आधी सुपरचार्जरच बसवणार होतो. मग लक्षात आलं, मी उलटं वागतो हे त्यांना माहीत आहे. म्हणजे मी सुपरचार्जर बसवावा अशीच त्यांची इच्छा असणार. मला असं गुंडाळता येत नाही.

छपराचे पैसे इंजिनात जाणार, मागच्या खोलीचं छप्पर या वर्षी करायचं राहील. बायको त्यावर भांडली असती तर बरं वाटलं असतं.

९ मार्च
मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये जुनं इंजिन उतरवलं. साखळीला लटकलेलं पाहवेना, बाहेर जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत धूळ गेली. तिथे फार धूळ असते.

मिस्त्रीकाका स्वतः आले. म्हणाले, विकायचंच असेल तर मला दे, आम्ही दोघांनी बांधलंय, माझ्याकडे राहू दे. बघा! आलं की नाही शेवटी तोंडातून? मी म्हटलं, बघू, आणि दुसऱ्याच दिवशी द्यायचं ठरवलं. दुसऱ्याला.

१० मार्च
आयुष्यातला सगळ्यात हुशारीचा दिवस. इंजिन मिशीवाल्याच्या गळ्यात मारलं!

म्हणजे मिस्त्रीकाकांना मिळालं नाही, हे एक. आणि मिशीवाला ते बसवून चढावर येणार, तिसऱ्या वळणावर अडकणार आणि कंत्राटदाराच्या मनातून कायमचा उतरणार, हे दुसरं. एका व्यवहारात दोघांचा काटा काढला. तो विचारत होता, एवढं चांगलं इंजिन देतोयस कशाला? मी म्हटलं, तुझ्यावर जीव आहे. त्याला हसू आलं. मलाही आलं, पण आतल्या आत.

बायकोला सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं आणि विचारलं, बाबांचं इंजिन? एवढंच. जेवण झाल्यावर भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती.

१८ मार्च
नवं इंजिन सुरू. खोकला नाही. चावी फिरवली की लगेच चालू. जरा ओकंओकं वाटतं, पण सवय होईल. सपाटीवर काय पळते! रिकामी गाडी वरपर्यंत नेऊन आणली. रस्त्यात मेहुणा दिसला, मुद्दाम जोरात हॉर्न दिला. कंत्राटदाराला सांगून आलो, उद्यापासून दोन नाही, तीन खेपा.

टाकीला आता दोन कुलुपं. नव्या इंजिनचं डिझेल चोरायला सगळे टपलेले असणार.

१९ मार्च, सकाळी १०, तिसरं वळण
गाडी बंद. नवं इंजिन. त्याच जागी. भरलेली गाडी.

गॅरेजवाल्याने फसवलं. नाहीतर हा रस्ताच खराब आहे. या वळणाखाली काहीतरी असलं पाहिजे, लोहचुंबक वगैरे. चाकाला दगड लावून इथेच लिहितोय.

खालून गाडी येतेय. भरलेली दिसतेय. आवाज

१९ मार्च, संध्याकाळी
आवाज ओळखला होता. मिशीवाला. दगडाने काठोकाठ भरलेली गाडी. मला पाहून त्याने मदतीसाठी गाडी थांबवली, चढावरच, काय छाती म्हणावी. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा स्टार्टर मारला. दोनदा खोकलं. मग बाबांचं इंजिन माझ्या समोरून, न दबता, न थांबता, वर निघून गेलं. मी ते पुढच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. मग आवाजच ऐकत राहिलो.

मिस्त्रीकाकांना मिशीवाल्यानेच फोन केला असावा. ते स्कूटरवर आले, हात पुढे केला आणि एवढंच म्हणाले, किल्ल्या. मी गळ्यातून काढून दिल्या. वाकवलेली तार त्यांनी टाकीत घातली, दोनदा फिरवली आणि हळूहळू वर ओढली. बराच वेळ काहीतरी येत राहिलं.

निळ्या चौकड्या. टोकाला गाठ.

मला वाटलं आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. म्हणाले एवढंच की चढावर इंजिन जोरात डिझेल ओढतं, तेव्हा हा जाऊन नळीच्या तोंडाला चिकटतो, थांबलं की सुटतो. मग रुमाल पिळला, नीट घडी केली, माझ्या हातात दिला आणि स्कूटरवर बसले. गाडी पहिल्या स्टार्टरला चालू झाली. वर गेलो. कंत्राटदार म्हणाला, एक खेप तर झाली आज, आणि मिशीवाल्याच्या झाल्या तीन.

२१ मार्च
कालपासून वहीत लिहावंसं वाटत नव्हतं.

मिस्त्रीकाकांकडे गेलो होतो. माफी मागायची असं ठरवून गेलो आणि नट-बोल्टविषयी बोलून आलो. निघताना म्हणाले, तुझ्या बाबांचा रुमालही एकदा असाच रेडिएटरमध्ये गेला होता, कोणाला सांगू नकोस. पायरीवर जरा वेळ बसून मग घरी आलो.

बायकोने रुमाल तीनदा धुतला. वास जात नाही. दोरीवर वाळत घातलाय, सगळ्यांना दिसेल असा. चुकून असेल.

३१ मार्च
काम मिशीवाल्याला मिळालं. माझ्याकडे आठवड्याला दोन खेपा, तो थकला तर.

सकाळी त्याच्याकडे गेलो. सरळ सांगितलं, इंजिन बदलू, माझं नवंकोरं तू घे, बाबांचं मला परत दे, वरून काही मागणार नाही. त्याने मिशीला हात लावला. म्हणाला, चांगलं इंजिन आधी हसतहसत दिलंस, आता नवं देऊन जुनं मागतोयस, यात काहीतरी पाणी मुरतंय. तुझा डाव काय ते सांग. मी म्हटलं, डाव नाही, आठवण आहे. तो म्हणाला, असंच सगळे म्हणतात.

निघताना पाहिलं, त्याने बॉनेटला कुलूप घातलंय. पितळी. माझ्यासारखंच.