घरात ‘लाईन’ म्हणायचं नाही

रविवार, १२ जून १९९४, पाटण

दादाचं आज डोकंच फिरलं! महेंद्रदादा हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागल्यापासून आमचं बोलणं त्याला टोचतं. जेवताना आप्पा माझ्याकडं बघत म्हणाले, “लाईन गेली हुती, म्हणून हिला रॉकेलच्या लाईनीत उभी केली.” आई म्हणाली, “आन् तितं एक टवाळ पोरगं लाईन मारत हुतं, मेलं!” दादानं ताट सरकवलं — “एका शब्दाला किती राबवाल? आठवडाभर घरात लाईन म्हणायचं नाही!”

मी लगेच पैज लावली. आप्पा विरुद्ध मी. येत्या रविवारी दिवस मावळेपर्यंत जो आधी म्हणेल तो हरला. मी जिंकले तर साताऱ्याला आयटीआयत वायरमनचा कोर्स. आप्पा जिंकले तर मुकाट्यानं डी.एड.! आप्पा स्वतः लाईनमन, खांबावर चढून केस पिकले, पण मी विषय काढला की — “ही बायकांची लाईन न्हाई.” आता बघू. लाईनमन लाईन न म्हणता किती दिवस काढतोय! (वहीत लिहिलेलं धरायचं नाही. हे मीच ठरवलंय.)

१३ जून

सोपं वाटलं होतं, कसलं सोपं! पाण्याची लाईन फुटली आणि आईला सांगताना मीच जीभ चावली. खरोखरची चावली. तिखट खाता येईना.

१४ जून

हसून हसून पोट दुखतंय. संध्याकाळी वारं सुटलं, सगळीकडे अंधार. आप्पा दारातून ओरडले, “गेली गं, गेली!”

कोयनानगरची आत्या आजारी आहे, हे साऱ्या आळीला माहीत. शेजारच्या बनुबाई पदर डोळ्याला लावत धावत आल्या. “कवा गेली वं? बोलत-चालत हुती की!”

आप्पा म्हणाले, “तसली न्हाई वं! तारंतली गेली!”

“तारंत अडकून गेली?” बनुबाईंनी हंबरडाच फोडला!

आप्पा घामाघूम. पण शब्द काही निघाला नाही. पक्का माणूस.

१६ जून

आप्पा घरात बोलायचेच बंद झालेत. आई म्हणते, पैज वर्षभर चालू दे.

१७ जून

शेवटी सरळ विचारलं, “आप्पा, मला का नको?”

“पोरगी खांबावर चढली म्हणून गाव हसंल. आन् झटका बसला तर? त्यो काय पोरगी बघून सोडतोय व्हय?”

त्यांच्या तळहातावर भाजल्याचा जुना डाग आहे. तो मला दिसत होता. पण राग आला. लय आला.

१९ जून

सकाळी लोणंदहून पाहुणे. जयभीम झाला, पाणी झालं, मग कळलं — मला बघायला आलेत! मला कुणी सांगायचं की नाही? तात्याबा नावाचे गृहस्थ, मुलगा रेल्वेत. पोहे खाता खाता म्हणाले, “आमच्याकडं फुडं शिकायची गरज न्हाई. चूल सांभाळली की झालं. तुमी तिला कुठल्या लाईनला घालणार हुता?”

दादानं कान टवकारले. मी पोह्यांची ताटली घेऊन उभी. मनात म्हटलं, आता आप्पा ‘डी.एड.’ म्हणतील आणि संपलं सगळं.

आप्पांनी एकदा तात्याबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सावकाश, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्या लाईनला. लाईनमन करणार हाय तिला.”

“आप्पा हरले!” दादा शाळेतल्या पोरासारखा ओरडला. तात्याबा अर्धे पोहे टाकून उठले.

२० जून

आप्पा स्वतः साताऱ्याला निघाले, माझ्या ॲडमिशनचं बघायला. ते एसटीत चढताना मी विचारलं, “आप्पा, आणि गाव हसलं तर?”

म्हणाले, “तू खांबावर चढलीस की गावाला मान वर करून बघावं लागंल. बघू दे की! आपल्या लोकांकडं आजवर कुणी असं बघितलंय?”