आत आलेली हिरवी पावलं

चोआ चू कांग, सिंगापूर
बुधवार, १८ मार्च २०२६

चि. कुशल यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. स्वानंदीचा खोकला गेला, माझा गुडघा होता तिथेच आहे. तिकडे आयर्लंडात वाऱ्याने छत्री उलटते म्हणतोस, तर कान झाकून फिरत जा. लहानपणी तुझे कानच आधी दुखायचे.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोन तुझ्या बायकोच्या हातात असतो, स्पीकरवर असतो आणि दोन वाक्यं झाली की तुझी मीटिंग सुरू होते. मला एक गोष्ट विचारायची होती. ती स्पीकरवर विचारण्यासारखी नाही.

आधी बातमी. तुझ्या आयर्लंडच्या संताचा सण काल इथे सुखरूप पार पडला. अनघाने त्यासाठी नोव्हेना भागातल्या तिच्या ऑफिसातून सुट्टी घेतली होती. उद्या पाडवा आहे, उद्या मात्र तिला महत्त्वाचं काम आहे. मुलांना शाळेची सुट्टी आहे, तेव्हा गुढी मी आणि दोन पोरं मिळून उभारू. कपडे वाळत घालायचा बांबू आहेच.

"मुलांना त्या संस्कृतीची ओळख होऊ दे" असं तू आठवडाभर आधी कळवलंस. वा! रामरक्षा शिकवत होते तेव्हा "आई, त्यांच्यावर लोड नको" म्हणणारा तूच ना? असो. ओळख करून देण्याचा कार्यक्रम असा झाला. चार मोठ्या ढोबळ्या मिरच्या आडव्या कापून, रंगात बुडवून कागदावर ठसे मारले. त्या संताचा तीन पानांचा पाला उमटतो म्हणे. बेलाचं पान काढलं असतं तर तीच तीन पानं आली असती आणि मिरच्यांची भाजी झाली असती. मग हिरवे पॅनकेक. पालक घातला तर ही दोन्ही मुलं तोंड फिरवतात. बाटलीतला रंग घातल्यावर बोटं चाटत खाल्ले. दिवसभर दोघांच्या जिभा हिरव्या होत्या आणि तुझी बायको त्याचे फोटो तुला पाठवत होती. तू हृदयं पाठवलीस. तीही हिरवी.

ह्या संताने बेटावरचे सगळे साप हाकलून दिले, अशीही गोष्ट सांगून झाली. धवलने विचारलं, कुठे हाकलले? अनघाच्या आधी मीच म्हटलं, सिंगापूरला. गेल्या महिन्यात खालच्या नाल्यात अजगर निघाला तो त्यातलाच. तेव्हापासून धवल नाल्याकडे बघून हात हलवतो. एवढं सोडलं तर मी कुठेही नाक खुपसलं नाही.

मुख्य थाट त्या बुटक्याचा. लेप्रिकॉन. लाल दाढीचा, वीतभर उंचीचा, सोनं लपवून ठेवणारा म्हातारा चांभार. तो रात्री घरात येतो, मुलं त्याच्यासाठी सापळा लावतात, सापडला तर इच्छा पूर्ण करावी लागते, आणि तो नेहमी निसटतो. निसटताना हिरवी पावलं मागे ठेवतो. थोडक्यात, आईबापांनी पहाटे उठून मुलांना फसवायचं आणि मुलांनी आनंदाने फसायचं. सापळ्यासाठी माझ्या फिरायच्या बुटांचं खोकं गेलं. आत आमिष म्हणून सोनेरी कागदातली चॉकलेटं. इथल्या उकाड्यात ती वितळून खोक्याला चिकटली.

पावलं काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण पहाटे मीच उठते. अनघाने कागदाचं कापलेलं पाऊल आणि रंगाची बाटली देऊन ठेवली होती. त्या कागदाची काही गरज नव्हती. तांदळाची पिठी कालवली, पॅनकेकचा उरलेला रंग त्यात ओतला, मुठीची कड बुडवून ठसा आणि वर बोटाने पाच टिंबं. गौरीची पावलं काढते तशीच. बाहेर कॉरिडॉरपासून सुरुवात केली, उंबऱ्यावरून आत, दिवाणखान्यातून थेट खोक्यापर्यंत. सुरेख आली होती. शेजारच्या चिनी आंटींनी बाहेर येऊन विचारलं, "दीपावली आह?" मी मान हलवली. त्यांना कुठे सांगत बसू.

मुलं उठली, ओरडाआरडा झाला. अनघा म्हणाली, अरेरे, निसटला बघा. धवल रडायच्या बेतात होता. स्वानंदी मात्र जमिनीवर पोटावर झोपून पावलं बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, टोज ऑल फेसिंग इन्साइड लाह. ही केम इन. ही नेव्हर गो आउट."

खरंच की. इतकी वर्षं मूठ त्याच दिशेने चालत आली. सगळीच्या सगळी पावलं मी आत येणारी काढली होती. अनघाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाचं तबकच उलथवलंय. मला हसू आवरेना. मग दोघांनी घर धुंडाळलं. बुटांचं कपाट, वॉशिंग मशीन, माझ्या पलंगाखालची बॅग. सापडला नाही. पण स्वानंदीचं म्हणणं असं, की सापडला काय न सापडला काय, बाहेर गेलेला नाही म्हणजे पकडलाच. आता त्याने इच्छा पूर्ण केलीच पाहिजे. ती त्या चिकट खोक्यासमोर मांडी घालून बसली, हात जोडले. हात जोडायला मी शिकवलं आहे. आणि आजीला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत म्हणाली, "आजीला पण आयर्लंडचा पास दे. तिला पुण्याला सोडून नको जायला."

कुशल, अनघाच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं आणि पॅनकेक करपला. गॅस बंद करून ती म्हणाली, "आई, कुशल सांगणार होता तुम्हाला."

मी विचारलं, "कधी? विमानतळावर?"

तिला मी फारसा दोष देत नाही. तिच्या तोंडाला कुलूप तू घातलंस. इथल्या तुआसच्या कारखान्यातून तुला सहा महिन्यांसाठीच आयर्लंडात, कॉर्कला पाठवलंय, हे जानेवारीत तू माझ्यासमोर बसून, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाता खाता सांगितलंस. मला काही कळत नाही असं तुला वाटलं का? फेब्रुवारीत पार्सल आलं ते मीच घेतलं. आत लोकरीचे कोट. एक अनघाच्या मापाचा, एक स्वानंदीच्या, एक धवलच्या. जिथे बारा महिने पंखा लागतो तिथे कोट! मी घड्या घालून कपाटात ठेवले. वाटलं, चौथा मागाहून येईल. म्हाताऱ्या बायकांच्या मापाचे कोट शोधायला वेळ लागत असेल, अशीही मीच माझी समजूत घातली.

मग हा सण आला आणि मला सगळं उमगलं. मुलांना आधी त्या देशाचा लळा लावायचा, मग सांगायचं की आपण तिकडेच राहायला जातोय. वा रे युक्ती. मुलांसाठी एवढी तयारी, ढोबळ्या मिरच्या, दाढीवाला बुटका. आणि आईची तयारी? आईला सांगायचं काम तू सात वर्षांच्या मुलीवर टाकलंस. तुमचं बोलणं पोरीच्या कानावर पडतं, हे विसरलात.

अनघा म्हणते, तिकडे आईवडिलांना राहायला असा पास सहज मिळत नाही. नसेल मिळत. त्यांच्या सरकारने मला नको म्हटलं तर मला वाईट वाटायचं कारण नाही, त्यांनी काही माझं दूध प्यायलेलं नाही. तू मात्र तिकडून रोज विचारतोस, आई, जेवलीस का? आणि फोन ठेवतोस. एवढा शिकलास, कारखाना चालवतोस, आणि आईला एक वाक्य सांगायला घाबरलास. बाबा असते तर त्यांना तुझी लाज वाटली असती. मला राग आलाय. लाजही वाटते आहे, पण ती मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही.

तर माझा प्रश्न. तू मला विचारलं का नाहीस? येतेस का, एवढंच. मी नाहीच म्हटलं असतं. त्या चिखलात आणि थंडीत मी काय करू, असं चार दिवस तुला ऐकवलं असतं. आणि पाचव्या दिवशी कोट कुठल्या रंगाचा घेऊ ते विचारलं असतं. मग पास मिळाला नसता तर दोघांनी मिळून त्या सरकारला शिव्या दिल्या असत्या. तेवढ्यावरही मी पुण्याला सुखाने गेले असते.

आता जाईन तेव्हा जाईन. त्याची व्यवस्था माझी मी करीन, त्यात तू काही सुचवू नकोस.

पावलं अजून जमिनीवर आहेत. स्वानंदी पुसू देत नाही. धवल येता-जाता कपाटात डोकावून "अंकल, कम आउट" म्हणतो. आज अनघा हळूच म्हणाली, आई, दाराकडे बाहेर जाणारी चार पावलं काढून द्या, म्हणजे मुलांचं समाधान होईल. मी बसले, पिठी कालवली, मूठ बुडवली. पण हात वळेना. आपल्याकडे घरातून बाहेर जाणारी पावलं कुणी काढत नाही. माझ्या आईने मला ती शिकवली नाहीत, सासूबाईंनी शिकवली नाहीत, आणि ह्या वयात मी शिकणार नाही.

मुलांना न्यायला येशील तेव्हा उंबऱ्यावर बस आणि ती तूच काढ, माझ्यासमोर. पिठी मी कालवून देईन.

तोवर घरातच असलेली,
तुझी आई